काच ‘गेली’ म्हणजे नेमके काय गेले?

कोल्हापूरहून पन्हाळ्याला मोटारीने जायचे म्हणजे वायव्येकडे जायचे. दुपार कलल्यावर निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन सरळ येते आणि सकाळी गडावरून उतरताना उगवतीचे. वाघबीळ मागे पडून चढ लागला की हे ऊन प्रत्येक वळणावर समोरच्या काचेवर नव्या कोनातून पडते. काच धड असेल तर ते ध्यानातही येत नाही. तिला तडा असेल तर मात्र तो पेटल्यासारखा उजळतो आणि त्याच्या मागचा रस्ता, रस्त्यावरची उसाची ट्रॉली, ट्रॉलीच्या कडेने चाललेला माणूस, हे सारे क्षणभर नाहीसे होते. प्रस्तुत लेख या तड्याविषयी आहे. त्यातही हौशी शर्यतीच्या मोटारीच्या काचेवरच्या तड्याविषयी. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय का आणावा, असा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की या विषयाकडे आम्ही भाषेच्या वाटेनेच आलो.

मराठीला मोडतोडीचे बारकावे फार चांगले ठाऊक आहेत. जमिनीला आणि टाचेला भेग पडते. लाकडाला चीर जाते. कपबशीचा टवका उडतो. मडके, कातळ आणि काच यांना तडा जातो. आणि तडा ‘पडत’ नाही, ‘जातो’, हेही पाहण्यासारखे आहे. या क्रियापदात गती आहे: तडा एका जागी सुरू होतो आणि कोठेतरी निघतो. काचेच्या बांगडीबाबत तर भाषा आणखी जपून वागते. बांगडी फुटली असे घरातली वडीलधारी बाई म्हणणार नाही, ‘वाढली’ म्हणेल. दिवा वाढवावा, नारळ वाढवावा, तशीच बांगडीही. मोटारीच्या काचेच्या वाट्याला असा शिष्टाचार आला नाही. गॅरेजमध्ये तिच्याविषयी एकच वाक्य ऐकू येते, ‘काच गेली’. काच तर चौकटीत जागच्या जागी असते. मग गेले काय? आम्हाला वाटते, काचेच्या इतिहासाचा बराचसा भाग या दोन शब्दांत बसलेला आहे. तो आता क्रमाने पाहू. क्रम मात्र कालाचा नसेल.

आधी शर्यतीचे. पन्हाळ्याचा घाट वळणदार आहे आणि तरण्या चालकांना तो खुणावतो, परंतु तो सार्वजनिक रस्ता आहे, आणि राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून अशा रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. शिवाय हा रस्ता स्वतःच एका मोडतोडीतून आत शिरतो. १८४४ साली गडकऱ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध बंड केले, त्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला, आणि त्या धामधुमीत गडाचा पूर्वेकडचा चार दरवाजा जमीनदोस्त झाला. आज मोटारी गडात जातात त्या त्याच्या अवशेषांपासून. शाबूत राहिलेल्या तीन दरवाजातून मोटारीचा राजरस्ता काढण्याचे कोणाच्या मनात आले नाही, ही चार दरवाजाच्या मरणाने केलेली सोयच म्हणायची. २०२१ च्या जुलैतल्या पावसात हाच रस्ता खचला आणि गडावरची वाहतूक बंद पडली. २०२५ साली पन्हाळ्याचे नाव मराठ्यांच्या इतर अकरा दुर्गांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हा घाटाला शर्यतीपासून वाचवण्यास आता कायद्याखेरीजही कारणे आहेत.

शर्यतीची हौस भागवायची तर जागा दुसरीकडे आहे, आणि हौसेच्या बाबतीत कोल्हापूरला कोणी शिकवू नये. दसऱ्याच्या मिरवणुकीत राजाराम महाराजांची मेबॅक मोटार निघते तेव्हा तिच्याभोवती जी गर्दी होते, तिला यंत्राविषयीचे प्रेमच म्हणावे लागेल. शहराजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा मार्ग झाला, तेथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, आणि कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचला. पण कार्टला किंवा फॉर्म्युला मोटारीला समोरची काच नसतेच. चालकाचे शिरस्त्राण आणि त्याची पारदर्शक पट्टी हीच त्याची काच. आमचा तडा सापडतो तो छपराच्या मोटारींत: घरच्या वापरातून निवृत्त झालेली मारुती, वर्षानुवर्षे भारतीय शर्यतींचे ओझे वाहिलेली एस्टिम, किंवा रॅलीतली जिप्सी. यांचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो आणि स्वतःच अर्धा मिस्त्री. त्याचा पैसा आधी टायरांत जातो, मग इंजिनात, मग प्रवेशशुल्कात. काच यादीत शेवटी येते, कारण काचेने मोटार एका सेकंदानेही जोरात पळत नाही.

येथे कोल्हापूरचा स्वभाव आड येतो. हे लोखंडाचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर तेलाची इंजिने घडली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांतून मोटार उद्योगाला लागणारे सुटे भाग देशभर जातात. याच गावात १९१८ साली बाबूराव पेंटर आणि मंडळींनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः बनवला. असल्या गावात मोडलेली वस्तू म्हणजे दुरुस्त न झालेली वस्तू, एवढाच तिचा अर्थ असतो. शाफ्ट झिजला, भरून घ्या. हौसिंग फुटले, वेल्डिंग मारा. लोखंडाच्या बाबतीत हा विश्वास सार्थ आहे, कारण लोखंड वितळून पुन्हा एकजीव होते आणि जोड कधी कधी मूळ धातूपेक्षा दणकट निघतो. काचेला हे मान्य नाही. त्यामुळे इंजिन खोलून पुन्हा उभे करणारा मिस्त्री काचेपुढे आला की हात झटकतो: ‘काच गेली की हो, नवीनच घाला.’ हा निरोप ऐकणारा हौशी चालक मनातल्या मनात हिशेब करतो आणि म्हणतो, ‘अजून एक रेस निघंल की, मिस्त्री.’ सारा वाद या दोन वाक्यांमध्ये आहे.

वारा अडवणारी काच म्हटली की मराठी घराला फार काळ मोटार आठवत नव्हती, कंदील आठवत होता. कोल्हापूरहून उत्तरेला कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे. तेथे ओगले बंधूंनी १९१६ च्या सुमारास औंध संस्थानच्या आश्रयाने काचेचा कारखाना काढला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. त्याआधी, १९०८ साली, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला होता. एकेक पैसा गोळा करून काच करायची, ही स्वदेशीच्या काळातली कल्पना आज कोणाला कादंबरीतली वाटेल. कंदिलाची काच म्हणजे ज्योतीचे विंडशील्डच. तिचा शत्रू वारा नव्हे, पाण्याचा थेंब: तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती तडकून जायची. चैत्रातल्या उन्हात तापलेल्या मोटारीच्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतणाऱ्याने हे आजीला विचारायला हवे होते. काचेचा एक भाग आकसतो, शेजारचा ताणलेला राहतो, आणि आधीच एखादा टवका असेल तर त्यातून तडा निघतो.

आरंभीच्या मोटारींना काच होती ती अशीच साधी, खिडकीची. अपघात झाला की तिचे सुरे होत. यावरचा उपाय ज्याच्या हातून घडला तो माणूस साहित्याच्या वाचकांना आवडावा. एदुआर बेनेडिक्टस हा फ्रेंच गृहस्थ रसायनज्ञ होता तसाच चित्रकार आणि नक्षीकारही होता. त्याच्या अलंकरणचित्रांचे संच आजही कलेच्या संग्रहांत आहेत. त्यानेच सांगितलेली हकिकत अशी की १९०३ साली प्रयोगशाळेत फळीवरून एक चंबू खाली पडला. तो फुटला, पण विखुरला नाही. आत कधीतरी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सुकून त्याचा पातळ पापुद्रा काचेला आतून चिकटला होता. पुढे मोटारींच्या अपघातांत काचांनी चिरल्या गेलेल्या माणसांच्या बातम्या वाचून त्याला तो चंबू आठवला. दोन काचांमध्ये हा पापुद्रा घालून त्याने १९०९ साली ‘ट्रिप्लेक्स’ या नावाने स्वामित्व घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांच्या डोळ्यांना अशीच काच लावण्यात आली. मोटारीत ती रुळायला वेळ लागला.

सेल्युलोज नायट्रेट हे नाव कोल्हापूरकराने ओळखायला हवे. ज्या फिल्मवर बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ चित्रित केले, ती फिल्मही याच द्रव्याची होती. चटकन पेटणारे, आणि पेटले नाही तरी काळाबरोबर पिवळे पडून कुजणारे हे द्रव्य. पेंटरांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. पहिल्या पिढीच्या दुहेरी काचाही उन्हाने अशाच पिवळ्या पडत. चित्रपट आणि मोटारीची काच, दोन्हींतून जग पाहायचे, आणि दोन्हींचा पारदर्शकपणा एकाच रोगाने जायचा. १९३० च्या दशकाअखेरीस नायट्रेटची जागा पीव्हीबी या पिवळ्या न पडणाऱ्या प्लास्टिकने घेतली. आजही समोरच्या काचेत सुमारे दोन दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटरचा हा थर असतो. दगड लागतो तो बाहेरच्या काचेला. आतली बहुधा शाबूत राहते. हौशी चालकाच्या ‘अजून एक रेस’ला आधार मिळतो तो येथे.

दुसरा मार्ग कडक केलेल्या काचेचा. काच तापवून एकाएकी थंड करायची, म्हणजे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच सहसा फुटत नाही. फुटते तेव्हा सगळीच, एका क्षणात, साखरेच्या खड्यांसारखी. बाजूच्या खिडक्यांना ती योग्यच आहे. परंतु जुन्या मोटारींत पुष्कळदा समोरही तीच असे, आणि मग एका खड्याने चालकापुढे अचानक पांढरा पडदा उभा राही. भरधाव मोटारीत मुठीने भोक पाडून बाहेर पाहावे लागे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला शंभरावा नियम समोरच्या काचेसाठी लॅमिनेटेड, म्हणजे थरांची काच मागतो आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा असेही सांगतो. नियमाने मोजायला घेतला तो प्रकाश, हे ध्यानात असू द्यावे.

कारण या साऱ्या व्यवहारात खरे पणाला लागते ती नजर. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमधल्या होव्ह येथे ससेक्सविरुद्धच्या सामन्याच्या दिवसांत ऑक्सफर्ड विद्यापीठाचा वीस वर्षांचा कर्णधार मोटारीत बसला होता. मोटार चालवत होता दुसराच. टक्कर झाली, समोरची काच फुटली आणि तिचा एक कण त्या तरुणाच्या उजव्या डोळ्यात गेला. मन्सूर अली खान पतौडी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो दिल्लीत इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला, आणि १९६२ च्या मार्चमध्ये, नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागल्यावर, एकविसाव्या वर्षी भारताचा कर्णधार झाला. ४६ कसोटींत २७९३ धावा. एका डोळ्याने त्याला एका चेंडूचे दोन दिसत, अंतर कळत नसे. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून तो दुसरी प्रतिमा झाकत असे. त्याच्या धावांची सरासरी ३४.९१ आहे आणि क्रिकेटचे जाणकार तिच्याकडे पाहून आजही ‘जर’ म्हणतात. काचेच्या त्या कणाचे वजन कोणी केले नसेल.

ज्याला काचच नाही त्याची गत आणखी वाईट. २ जुलै १९७२ रोजी फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँच्या डोंगरी मार्गावर फ्रेंच ग्रां प्रीत पुढच्या मोटारीच्या चाकाने उडवलेला दगड हेल्मुट मार्को या ऑस्ट्रियन चालकाच्या शिरस्त्राणाची पट्टी फोडून डाव्या डोळ्यात शिरला. त्याची शर्यतींची कारकीर्द तेथेच संपली. तो मार्ग जुन्या ज्वालामुखीच्या उतारांवरून गेलेला, कडेला सुटे खडे भरपूर. आपल्याकडे रॅलीच्या कच्च्या रस्त्यावर चालकाला हेच खडे भेटतात. जीपची काच बॉनेटवर दुमडून हवा खात जाणाऱ्यांनी मार्कोची गोष्ट वाचावी.

आता तड्याकडे पुन्हा येऊ, कारण तो एवढ्यात पुढे सरकला असेल. काचेच्या या चालण्याचा नियम ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला. तो विमानांच्या सरकारी संशोधनसंस्थेत होता; धातू का तुटतात हा प्रश्न त्याने काचेवर सोडवला. काच मुळात दुबळी नाही. अगदी बारीक काचतंतू अतोनात ताण सोसतो. मोठी काच तुटते ती तिच्या अंगावरच्या सूक्ष्म चिरांमुळे, कारण सारा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. चीर जितकी लांब, तितका तिला पुढे जायला कमी ताण पुरतो. म्हणजे तड्याची भूक खाण्याने वाढते. महिनाभर बोटभर राहिलेला तडा एका खड्ड्यात हातभर होतो, त्यात मिस्त्रीचा किंवा नशिबाचा दोष नसतो. शर्यतीच्या मोटारीचे अंग वळणावर पिळले जाते, आणि आपल्या हौशी मोटारींत ते कारखान्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त पिळले जाते. तो पीळ काचेच्या कडेशी पोहोचतो. कडेचा तडा म्हणूनच मधल्या टवक्याहून वाईट. दुसरे कारण पाणी. तड्याच्या टोकाशी ताणलेले रेणुबंध पाण्याच्या संपर्काने अधिक सहज तुटतात. ओलसर हवेत तडा कोरड्या हवेपेक्षा लवकर चालतो. आषाढातल्या पन्हाळ्यावर, जेथे ढग रस्त्यावरून चालतात, काचेचा तडाही हंगामात असतो म्हणायचा.

यावरून उपायही समजतो. खडा लागला की पहिले काम म्हणजे त्या जागी स्वच्छ चिकटपट्टी लावणे. काच धरून ठेवायला नव्हे, ते तिच्याने होत नाही. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. टवका लहान असेल, एकाच थरात असेल आणि कोरडा असेल तर त्यातली हवा ओढून घेऊन राळ भरतात आणि अतिनील दिव्याखाली ती घट्ट करतात. ही रीत १९७० च्या दशकात अमेरिकेत धंद्यात आली. तिची खुबी अशी की राळेचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या जवळ असतो. प्रकाशाला मधली फट कळतच नाही, म्हणून डोळ्यालाही कळत नाही. काच सांधली गेली असे म्हणण्यापेक्षा तड्याने दिसणे सोडले असे म्हणणे जास्त खरे. चालकाच्या नजरेच्या पट्ट्यात मात्र चांगला कारागीर हे काम घेत नाही, कारण थोडी झाक उरतेच. आणि लांब तडा, कडेला पोहोचलेला तडा, दोन्ही थरांतला तडा यांना राळ नाही. तेथे मिस्त्रीचे म्हणणे खरे.

नवी काच बसवण्याचेही दोन काळ आहेत. जुन्या मोटारीत ती रबरी पट्टीत बसे. पट्टीच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून टेकवायची, एकाने आतून सुतळी ओढत जायचे आणि दुसऱ्याने बाहेरून तळव्याने थापटत जायचे. अर्ध्या तासात काम फत्ते. सपाट काचेची जीप असेल तर काच गावातल्या काचवाल्याकडूनही कापून मिळे. नव्या मोटारीत काच वक्र असते आणि चिकटद्रव्याने अंगालाच जोडलेली असते, इतकी की मोटारीच्या ताठपणात तिचाही वाटा असतो. ते द्रव्य मुरायला वेळ लागतो. शनिवारी रात्री तडा वाढला तर रविवारी सकाळी नवी काच लावून शर्यतीला उभे राहता येत नाही.

आणि रविवारी सकाळी तपासनीस येतो. शर्यतीआधी मोटार तपासणारा हा माणूस पट्टे पाहतो, आतला लोखंडी पिंजरा पाहतो, आणि चालकाच्या आसनावर बसून समोर पाहतो. हे शेवटचे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. बाहेर उभे राहिल्यावर तडा ही काचेची गोष्ट असते. आत बसल्यावर ती रस्त्याची होते. शेजारच्या आसनापुढचा वीतभर तडा आणि चालकाच्या डोळ्यांपुढचा बोटभर तडा यांत दुसरा अधिक गंभीर. हौशी चालकाचा युक्तिवाद ठरलेला: माझी मोटार, माझी काच, माझा जीव. पण जुन्या शर्यतींच्या छायाचित्रांत मोटारींच्या दिव्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या दिसतात, त्या पाहाव्यात. दिवा फुटलाच तर काचा मार्गावर सांडून मागून येणाऱ्याचे टायर फाटू नयेत, यासाठी त्या होत्या. एका फुलीने स्वतःचे काही वाचत नसे.

काही शर्यतप्रकारांत काचेऐवजी पॉलिकार्बोनेट चालते. ते हलके असते, दगडाने वाकते, तडकत नाही. परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात; वायपर कोरडा फिरवला की जाळी दिसू लागते, आणि मावळतीकडे तोंड करून चालवताना ती जाळी तड्याहून फारशी बरी नाही. म्हणून त्यावर पातळ फिल्मचे पदर लावतात आणि एकेक सोलून काढतात. हौशी माणसाला हेही परवडत नाही. तो बहुधा भंगारात निघालेल्या दुसऱ्या मोटारीची काच शोधतो, आणि ती उतरवताना तिला नवा तडा जातो.

काढलेली काच गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहते. उद्यमनगरात लोखंडाचा कीसही कोणी टाकून देत नाही. तो पुन्हा भट्टीत जातो. ही काच मात्र बाटल्यांच्या काचेबरोबर वितळवता येत नाही, मधला प्लास्टिकचा थर सुटता सुटत नाही. भंगारवाला हातगाडी थांबवतो, तिच्यावर बोटाने एकदा टकटक करतो, आणि शेजारचा मोडका जॅक उचलून पुढे जातो.